भूकंप की अणुस्फोट? जमिनीचा ईसीजी

१० जुलै २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हिंगोली, नांदेडबरोबर आपला परभणी जिल्हाही हादरला. त्यानंतर वालूरला बीपी तपासायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "डॉक्टर, कुणी अणुबॉम्ब तर फोडला नाही ना?" प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हा फरक ओळखण्याचं शास्त्र उभं राहिलं, त्यामागे आरोग्याची काळजी होती.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि खलाशी आजारी पडले. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवा, अशी मागणी केली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराचे परिणाम अभ्यासायला समिती नेमली. तिच्यात भारताचे प्रतिनिधी होते टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर.

काळजी होती दुधाची. राखेतलं स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडतं, गाईच्या पोटातून दुधात येतं आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत ठेवून घेतं. ते निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात. वाढत्या हाडांची मुलं त्यात जास्त सापडतात.

१९६३ च्या कराराने हवेतल्या चाचण्यांवर बंदी आली. फ्रान्स आणि चीन मात्र त्यात नव्हते; हवेतली शेवटची चाचणी चीनने १९८० मध्ये केली. बाकीच्यांचे बॉम्ब जमिनीखाली गेले. आता नुसती हवा गाळून भागेना, जमिनीला कान लावावा लागला. १९६५ मध्ये ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी ब्रिटिशांच्या सहकार्याने बंगळूरजवळ गौरीबिदनूरला इंग्रजी 'एल' आकारात भूकंपमापकांची रांग बसवली. एकाच हृदयाकडे ईसीजीच्या वेगवेगळ्या लीड वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात, तसंच काहीसं. लाट कोणत्या यंत्राला आधी लागली यावरून तिची दिशा कळते.

आता आजोबांचं उत्तर. भूकंपात खडक एकमेकांवर घासून सरकतात, म्हणून जमीन आडवी हलवणाऱ्या लाटा जोरात उठतात. स्फोट मात्र जमिनीला सगळीकडे एकदम बाहेर ढकलतो. त्यामुळे पहिली दाबाची लाट ठळक असते आणि मागच्या लाटा त्या मानाने दुबळ्या. शिवाय भूकंपाचं केंद्र बहुतेकदा कित्येक किलोमीटर खोल असतं. इतकं खोल भोक पाडून कुणी बॉम्ब ठेवत नाही.

१९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारानंतर जगभर तीनशेहून अधिक केंद्रांचं जाळं उभं राहू लागलं. त्यातली काही समुद्रातला आवाज ऐकतात, काही कानाला न ऐकू येणारे हवेतले तरंग टिपतात. भारताने सही केलेली नाही, त्यामुळे त्यातलं एकही केंद्र आपल्याकडे नाही. तरी ११ मे १९९८ चे पोखरणचे धक्के बाहेरच्या केंद्रांनी नोंदवले. १३ मेचे छोटे स्फोट मात्र त्यांना सापडले नाहीत. यंत्रालाही मर्यादा असते.

धक्का बॉम्बचाच, हे पक्कं करतो झेनॉन वायू. तो कशाशी सहसा संयोग पावत नाही, म्हणून खडकांच्या फटींतून निसटतो. उत्तर कोरियाच्या ऑक्टोबर २००६ च्या चाचणीतला झेनॉन दोन आठवड्यांनी कॅनडात सापडला. फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीतला तब्बल ५५ दिवसांनी जपानमध्ये! पण घाबरू नका. इतका कणभर झेनॉन यंत्राला सापडतो, शरीराला बाधत नाही. तो साठत नाही, श्वासाबरोबर बाहेर पडतो. फुप्फुसांत हवा नीट खेळते का हे पाहायला डॉक्टरांनी हाच झेनॉन-१३३ रुग्णांना हुंगायलाही दिला आहे.