लंडनचा गोदीपट्टा : ‘पुनरुज्जीवन’ या संकल्पनेचा पुनर्विचार

औद्योगिक नगरांच्या इतिहासलेखनात ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द पुष्कळदा सैलपणे योजला जातो. ओस पडलेल्या जागी इमारती उभ्या राहिल्या व वर्दळ वाढली, म्हणजे ती वस्ती पुन्हा जिवंत झाली असे गृहीत धरण्यात येते. परंतु तेथे मृत झाले ते नेमके काय, आणि पुढे जे जगले ते कोणाचे, हे दोन प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतात. लंडनच्या पूर्वभागी थेम्स नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या ‘आइल ऑफ डॉग्ज’ या गोदीपट्ट्याच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या नदीपात्रात जहाजांची दाटी होई, माल उतरविण्यास विलंब लागे आणि चोऱ्याही फार होत. वेस्ट इंडीजमधील मळेवाल्यांनी व साखरेच्या व्यापाऱ्यांनी यावर उपाय म्हणून बंदिस्त गोदीची मागणी केली. गुलामांच्या श्रमावर धनाढ्य झालेला रॉबर्ट मिलिगन हा त्यांचा अग्रणी होता. १७९९ साली पार्लमेंटने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला व १८०२ साली वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली. लंडनला येणारी वेस्ट इंडीजची साखर, रम व कॉफी एकवीस वर्षे याच गोदीत उतरली पाहिजे, असा मक्ता तिला लाभला होता. गोदीभोवती उंच भिंत होती. भांडवल खाजगी, परंतु संरक्षण कायद्याचे, अशी ही रचना होती. ती पुढील विवेचनात लक्षात ठेवावयास हवी.

या भिंतीबाहेर जी वस्ती वाढली ती गोदीकामगार, खलाशी व जहाजबांधणीच्या कारागिरांची. १८५८ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज याच बेटावरील मिलवॉलच्या काठावरून पाण्यात लोटले गेले. पण बहुसंख्य गोदीकामगारांची रोजी अनिश्चित असे. फाटकाशी गर्दी करावी, मुकादमाने बोट दाखविले तर काम मिळावे, न दाखविले तर रिकाम्या हाती परतावे, असा क्रम होता. तासाला सहा पेन्स मजुरी मिळावी म्हणून १८८९ साली झालेला संप यशस्वी झाला, तरी रोजंदारीची पद्धत १९६७ पर्यंत टिकून राहिली. तेव्हा जुन्या गोदीजीवनाचे सुवर्णयुग म्हणून वर्णन करणे युक्त नव्हे. तथापि सामायिक हालांतूनच येथे निकटचा शेजारधर्म निर्माण झाला, हेही नाकारता येत नाही.

गोदीचा ऱ्हास झाला तो मुख्यतः वाहतुकीच्या तंत्रातील बदलामुळे. माल कंटेनरमधून येऊ लागला, जहाजांचा आकार वाढला आणि नदीच्या मुखाजवळील टिलबरी बंदर अधिक सोयीचे ठरले. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली, वेस्ट इंडिया व मिलवॉल या गोद्या १९८० साली, तर पूर्वेकडील रॉयल गोद्या १९८१ साली बंद पडल्या. पण गोदी बंद पडणे आणि वस्ती मरणे या भिन्न घटना होत. १९७० साली बेटावरील रहिवाशांनी रस्ते अडवून उपहासाने ‘स्वातंत्र्य’ जाहीर केले, ते नागरी सोयींच्या दुर्दशेकडे लक्ष वेधण्यासाठी. मृत वस्ती असे गाऱ्हाणे मांडीत नसते.

१९८१ साली सरकारने गोदीपट्ट्यासाठी विकास महामंडळ स्थापन केले. त्याचे सभासद लोकनियुक्त नसून मंत्र्यांनी नेमलेले होते. स्थानिक नगरसभांचा नियोजनाचा अधिकार त्याच्याकडे गेला व सार्वजनिक जमिनी ताब्यात घेण्याची शक्तीही त्यास मिळाली. घरे पुरविण्याची जबाबदारी मात्र नगरसभांकडेच राहिली. १९८२ पासून बेटाच्या मोठ्या भागात दहा वर्षे स्थानिक करांची माफी व बांधकामखर्चावर आयकरात सवलत देण्यात आली. १९८७ साली हलकी रेल्वे धावू लागली, १९९१ साली कॅनरी वॉर्फचा पन्नास मजली मनोरा पूर्ण झाला. आणि लगेच १९९२ साली तो बांधणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. या स्थळाला खरे स्थैर्य लाभण्यास १९९९ साली आलेल्या ज्युबिली भुयारी मार्गाचे मोठे साहाय्य झाले. तात्पर्य, हे कार्य निव्वळ खाजगी साहसाचे फळ होते, हा दावा टिकत नाही.

महामंडळ १९९८ साली विसर्जित झाले, तोवर गोदीपट्ट्याची लोकसंख्या सुमारे ३९ हजारांवरून ८० हजारांच्या वर गेली होती. ही वाढ मोठी खरी; पण नव्या नोकऱ्या बहुतांशी पेढ्यांच्या व कचेऱ्यांच्या होत्या, आणि गोदीकामगाराचे कौशल्य तेथे निरुपयोगी होते. रॉयल गोदीलगतच्या रहिवाशांनी १९८३ साली विमानतळाऐवजी घरे, रोजगार व पाळणाघरे सुचविणारा स्वतःचा आराखडा मांडला. तो बाजूस पडला आणि १९८७ साली विमानतळ सुरू झाला. घरांच्या टंचाईचा रोष अखेर भलत्याच दिशेने वळला. १९९३ साली मिलवॉलच्या पोटनिवडणुकीत बंगाली रहिवाशांविरुद्धच्या द्वेषावर उभा असलेला वर्णद्वेष्टा उमेदवार अल्प मतांनी निवडून आला. पुढील वर्षीच मतदारांनी त्याचा पराभव केला, ही गोष्टही तितकीच नोंदण्याजोगी आहे.

१७९९ व १९८१ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली असता एक साम्य स्पष्ट होते. दोन्ही वेळी राज्यसत्तेने खास कायद्याचे कुंपण घालून हा भूभाग भांडवलाच्या हवाली केला, आणि दोन्ही वेळी काठावरच्या लोकांना कुंपणाबाहेरूनच त्याच्याशी नाते जोडावे लागले. म्हणून येथे भूमीचे पुनरुज्जीवन झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. वस्तीचे झाले असे म्हणण्यापूर्वी मात्र स्वतंत्र पुरावा मागितला पाहिजे. जुन्या साखरेच्या वखारीत २००३ साली संग्रहालय उघडले. तिच्यासमोरचा मिलिगनचा पुतळा २०२० साली हलविण्यात आला. गोदी कोणी बांधली आणि कोणाच्या श्रमावर, या प्रश्नाची सार्वजनिक चर्चा त्यामुळे ऐरणीवर आली. पुनर्रचना कोणी केली व कोणासाठी, हा प्रश्नही अभ्यासकांनी त्याच कसोशीने हाताळावयास हवा.