मराठा पलटणीतले दख्खनी मुसलमान आणि १९१८ चा ऑक्टोबर

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं गाव. कर्नाटकची हद्द इतकी जवळ की बाजारात कन्नड, कचेरीत मराठी आणि आमच्या घरात दखनी. अशा गावातल्या माणसाला ‘तू कोण?’ असं विचारलं तर एका दमात उत्तर देणं अवघड जातं. इंग्रजांच्या फौजेला मात्र ते अवघड नव्हतं. त्यांच्या भरतीच्या यादीत मराठ्यांचे ‘दख्खनी’ आणि ‘कोकणी’ असे भाग होते आणि त्यांच्या शेजारी एक रकाना होता ‘दख्खनी मुसलमान’. म्हणजे आपण.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा नावात ‘मराठा’ असलेल्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. पलटणीत आठ कंपन्या. त्यांतल्या साधारण सहा मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या. पलटणीच्या नावात मात्र त्या दोन कंपन्यांना जागा नव्हती. मला वाटतं, आपल्या विस्मरणाची सुरुवात तिथूनच झाली.

शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये. दुष्काळी भागात ही रक्कम लहान नव्हती. पण या पलटणी गेल्या कुठे? बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. समोर तुर्कांची फौज. तिचा सुलतान हाच खलिफा, ज्याचं नाव शुक्रवारच्या खुतब्यात घेतलं जाई. त्यानं नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारला होता. काही ठिकाणी त्याचा परिणाम झालाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फन्ट्रीतल्या मुसलमान शिपायांनी बंड केलं आणि कित्येकांना जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. पण बहुसंख्य मुसलमान शिपाई लढत राहिले. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली.

मला थांबायचं आहे ते शेवटच्या वर्षापाशी. १९ सप्टेंबर १९१८ ला पॅलेस्टाइनमध्ये शेवटची मोठी चढाई सुरू झाली, तिच्यात १०५ वी पलटण होती. पुढच्याच महिन्यात इराकमध्ये वेगळी घाई सुरू झाली. तुर्क तहाला आले होते. तह होण्याआधी मोसुलच्या दिशेनं जितकं पुढे जाता येईल तितकं जायचं, असा लंडनचा हुकूम होता. त्या मुलखातल्या तेलावर नजर होतीच. २३ ऑक्टोबरला जनरल कॉब यांची फौज तैग्रिसच्या काठानं निघाली. शरकात या ठिकाणी गाठ पडली. तिथे अश्शूर या प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. ११४ वी मराठा पलटण या लढाईत होती आणि तिच्या वाट्याला शौर्याची २८ पदकं आली. ३० ऑक्टोबरला सकाळी इस्माईल हक्की बे शरण आला, सुमारे ११ हजार तुर्क कैद झाले. त्याच दिवशी मुद्रोसला तहावर सह्या झाल्या. मोसुल इंग्रजांनी घेतलं ते त्यानंतर.

तह एका दिवसावर आलेला असताना मेलेल्या माणसाचं काय करायचं?

इकडे घरी काय चाललं होतं तेही पाहा. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट दख्खनभर पसरली होती. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. आघाडीवरचा शिपाई वाचला आणि घर रिकामं झालं, असंही त्या वर्षी होऊ शकत होतं.

जे परतले त्यांच्यासमोर लगेच खिलाफतीची चळवळ उभी राहिली. ज्या खलिफाच्या फौजेवर काल बंदूक रोखली, त्याच्यासाठी आज वर्गणी! त्या माणसानं सभेत कुठे बसायचं, पुढे की मागे? आपल्या जमातीनं त्याची आठवण का जपली नाही, याचं उत्तर मला इथे दिसतं. तो हुतात्म्यांत बसेना आणि गद्दार म्हणावं तर आपलाच चुलता. सोलापुरात कुर्बान हुसेन यांचं नाव पोरासोरांना ठाऊक आहे आणि ते असायलाच हवं. १२ जानेवारी १९३१ ला ते फासावर गेले. पण ११ रुपयांसाठी साहेबाच्या लढाईत गेलेला माणूसही आपलाच होता.

हल्ली कुणी आपल्या निष्ठेवर बोट ठेवलं की आपण अशी नावं पुढे करतो. मला ते पटत नाही. ते शिपाई कुणाला दाखला द्यायला गेले नव्हते. ते पोटासाठी गेले होते, आणि शेजारच्या मराठ्याचंही कारण बहुधा तेच होतं.

बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली गेली नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांचे पलटणवार आकडे, एवढंच. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं ही विषमता आपल्या अहवालात मान्य केली. गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही किती गेले आणि किती मेले, एवढाच हिशेब असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात तो आकडा ४६ आहे.

नाव कोरलेलं असतं ते पदकावर. युद्धानंतर शिपायांना गोल पदकं मिळाली, एक चांदीचं आणि एक काशाचं. वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या पेटीत, निकाहनाम्यांच्या आणि सातबाऱ्याच्या कागदांखाली असं पदक असेल, तर चेहऱ्याच्या बाजूनं पाहू नका, तिथे इंग्लंडचा राजा आहे. कडेवर बोट फिरवा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत कोरलेली सापडेल.