मोबाईलमधला व्हिडिओ कोर्टात कधी चालतो, कधी नाही? पुराव्याचे नियम सोप्या भाषेत

बांध कोरण्यावरून भांडण होते. घरातला पोरगा मोबाईलवर शूटिंग करतो. व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरतो. काही महिन्यांनी मोबाईलची मेमरी भरते आणि मूळ व्हिडिओ डिलीट होतो. प्रकरण कोर्टात उभे राहते तेव्हा हातात उरते ती कुणाकडून तरी परत मागवलेली फॉरवर्ड कॉपी. 'अख्ख्या गावाने पाहिलंय' एवढे म्हणून तिथे भागत नाही. खरी बाजू असूनही पुरावा कच्चा राहिला म्हणून माणूस अडचणीत येतो. म्हणून कोर्टात कोणता पुरावा चालतो आणि कोणता नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

कायदा कोणता?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याआधी इंग्रजांच्या काळातला १८७२ चा पुरावा कायदा होता. १ जुलै २०२४ पूर्वीपासून चालू असलेल्या केसेसना जुनाच कायदा लागू राहतो. फौजदारी खटला असो की जमिनीचा दिवाणी दावा, पुराव्याचे नियम याच कायद्यातून येतात.

'चालणे' वेगळे, 'पटणे' वेगळे

इथे अनेकांचा गोंधळ होतो. पुरावा ग्राह्य आहे म्हणजे कोर्ट तो विचारात घेऊ शकते, एवढेच. त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे न्यायाधीश सगळा पुरावा पाहून शेवटी ठरवतात. तसेच कागद नुसता दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असे नाही. तो कुणी लिहिला, सही कुणाची, हे साक्षीतून सांगावे लागते. कागद पुराव्यात घेतल्यावर त्याला निशाणी क्रमांक पडतो.

ऐकीव गोष्ट चालत नाही

कलम ५५ सांगते की तोंडी पुरावा थेट असला पाहिजे. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याने 'मी पाहिले' असे सांगायचे, ज्याने कानाने ऐकले त्याने 'मी ऐकले' असे सांगायचे. 'मला पाव्हण्यांनी सांगितलं की यानंच मारलं', ही साक्ष मारहाण सिद्ध करायला उपयोगी पडत नाही. पाव्हण्यांनीच कोर्टात यायला हवे.

मात्र साक्षीदार किती असावेत, याचा आकडा कायद्यात नाही. कलम १३९ नुसार एकच साक्षीदार असला आणि तो विश्वासार्ह वाटला, तरी चालतो. दहा जण उभे केले आणि दहा तऱ्हा सांगितल्या, तर उलट नुकसान होते.

मृत्यूपूर्व जबाब हा अपवाद

मेलेला माणूस साक्षीला येऊ शकत नाही. म्हणून आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल त्याने आधी जे सांगितले, ते कलम २६ नुसार पुराव्यात घेता येते. जळीत आणि मारहाणीच्या प्रकरणांत हा जबाब फार महत्त्वाचा ठरतो. 'लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये एक मुद्दा स्पष्ट केला. जबाब देणारा शुद्धीवर होता असे डॉक्टरचे प्रमाणपत्र नाही, एवढ्याच कारणावरून जबाब बाद होत नाही. जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याची त्याबाबत खात्री पटलेली असली तर तो चालतो.

पोलिसांपुढची कबुली

'पोलीस ठाण्यात त्याने गुन्हा कबूल केला' ही बातमी गावात लगेच पसरते. कोर्टात मात्र पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कलम २३ तसे स्पष्ट सांगते. धाक, मारहाण किंवा आमिष दाखवून घेतलेली कबुली कलम २२ नुसार बाद होते.

याला एक फाटा आहे. कोठडीतला आरोपी म्हणाला, 'मी मारलं आणि कोयता विहिरीत टाकला', आणि त्यावरून विहिरीतून कोयता निघाला, तर कोयता कुठे आहे हे सांगणारा भाग पुराव्यात येतो. 'मी मारलं' हा भाग येत नाही.

मोबाईलचा पुरावा : प्रमाणपत्राची अट

व्हिडिओ, फोटो, कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲप मेसेज, सीसीटीव्ही या सगळ्याला कायदा इलेक्ट्रॉनिक अभिलेख म्हणतो. त्याची कॉपी पेन ड्राइव्हवर, सीडीवर किंवा प्रिंट काढून द्यायची असेल, तर कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात हेच कलम '६५-ब' म्हणून ओळखले जायचे.

नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि भाग 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलचा अंगठाच समजा. फाईलमध्ये जरासा बदल झाला तरी ती बदलते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो. त्यामुळे मूळ फाईल आणि फॉरवर्ड कॉपी यांचा अंगठा जुळत नाही. मूळ व्हिडिओ जपायचा तो यासाठी.

जालन्याच्या निवडणुकीचा निकाल

या विषयावरचा देशभर दाखला दिला जाणारा निकाल जालना विधानसभा मतदारसंघातून गेलेला आहे. २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची वेळ संपल्यावर घेतला गेला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. पण वारंवार मागूनही त्याचे प्रमाणपत्र मिळाले नाही.

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. त्यावरच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. कॉपी द्यायची तर प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. मात्र मोबाईल किंवा लॅपटॉपचा मालक स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून मूळ साधनच हजर करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात रेकॉर्डिंग आहे तो प्रमाणपत्र देतच नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येते. इथे मागणाऱ्याने सगळे प्रयत्न केले होते आणि इतर पुरावाही होता. त्यामुळे खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

हा निकाल जुन्या कायद्यावरचा आहे. नव्या कायद्याखालच्या केसमध्ये मूळ मोबाईल हजर करणार असलो, तरी कॉपीसोबत प्रमाणपत्र तयार ठेवलेले बरे.

चोरून केलेले रेकॉर्डिंग

समोरच्याला न सांगता रेकॉर्ड केले म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही. 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९७२ च्या निकालापासून हे मान्य आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोच्या घटस्फोटाच्या वादातही असे रेकॉर्डिंग चालू शकते असे म्हटले. पण आवाज कुणाचा हे ओळखता आले पाहिजे, बोलणे वादाशी संबंधित हवे आणि त्यात काटछाट नको.

सातबारा आणि बॉन्डवरची जमीन

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार सातबारावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. पण नुसत्या फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही. मालकीसाठी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांचा आधार दाखवावा लागतो.

बॉन्डवर लिहून, नोटरी करून घेतलेली जमीन हा तर नेहमीचा घोळ. नोंदणी कायदा, १९०८ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदवावेच लागते. नोंदवले नसेल तर मालकीचा पुरावा म्हणून ते चालत नाही. करार पूर्ण करून मागण्याच्या दाव्यात असा कागद मर्यादित कामासाठी दाखवता येतो. मुद्रांक शुल्क कमी भरलेला कागदही फरकाची रक्कम आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतला जात नाही.

झेरॉक्सचेही तसेच. आधी मूळ कागद मागितला जातो. तो हरवला, नष्ट झाला किंवा समोरच्याच्या ताब्यात आहे हे दाखवले, तरच कॉपी चालते. सरकारी कागदाची मात्र प्रमाणित नक्कल चालते.

हे लक्षात ठेवा

- मूळ व्हिडिओ किंवा रेकॉर्डिंग डिलीट करू नये. एडिट करू नये, त्यावर गाणे किंवा नाव टाकू नये.
- केस संपेपर्यंत तो मोबाईल विकू नये, फॉरमॅट मारू नये.
- शूटिंग कुणी केले, कधी आणि कुठे, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. साक्षीला त्यालाच जावे लागते.
- दुकानाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सीसीटीव्हीत घटना असेल, तर रेकॉर्डिंग जपण्यासाठी लगेच लेखी अर्ज द्यावा. बरीच यंत्रे जुने चित्रीकरण पुसून त्यावरच नवे घेतात.
- पोलिसांनी मोबाईल घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. नव्या कायद्यात जप्तीचे चित्रीकरण करणे बंधनकारक आहे.

वकील लावण्याची ऐपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आणि ठरलेल्या मर्यादेत उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.