मुतालिकाची पात्रता

१९४४ सालच्या ऑगस्टात, १८ तारखेच्या दुपारी, वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउससमोरील हिरवळीवर, मॅग्नोलियाच्या एका जुन्या वृक्षाच्या छायेत दोन गृहस्थ भोजनास बसले होते. एक होते तीन वेळा लागोपाठ निवडून आलेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. दुसरे मिसुरी राज्याचे सेनेटर हॅरी ट्रुमन, ज्यांना महिन्याभरापूर्वीच पक्षाने उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. कॉफीत मलई ओतताना रूझवेल्टांचा हात एवढा कापत होता, की जेवढी पेल्यात पडली त्याहून अधिक बशीत सांडली. ट्रुमन यांनी ते पाहिले, समोर चकार शब्द काढला नाही, आणि मागाहून आपल्या एका निकटच्या स्नेह्याजवळ ते बोलून दाखविले.

अध्यक्षांच्या प्रकृतीचे हे मान अगदीच अज्ञात होते असे नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब अतोनात चढलेला आणि हृदय थकत चाललेले त्यांना आढळले होते. हे निदान लोकांपासून दडविण्यात आले खरे. पण अध्यक्षांच्या जवळपास वावरणाऱ्या पक्षधुरीणांना त्यांचा उतरलेला चेहरा दिसतच होता, आणि जुलैमध्ये शिकागोच्या अधिवेशनात तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना बाजूस सारून ट्रुमन यांचे नाव पुढे करताना, आपण उपाध्यक्षाच्या नावाने वस्तुतः पुढचा अध्यक्षच निवडीत आहोत, याची त्यांतील कित्येकांना पुरेपूर जाणीव होती. एवढे ठाऊक असूनही, ज्याच्या खांद्यावर उद्या जगातील सर्वांत मोठ्या युद्धाचा भार यायचा, त्याला त्या युद्धाच्या अंतस्थ कारभाराची माहिती देण्याची तजवीज कोणीही केली नाही.

उपाध्यक्षपदाचा उमेदवार उच्च पदास लायक आहे काय, हा वाद अमेरिकेत दर चार वर्षांनी होतो, आणि तो व्हावा, असेच माझे मत आहे. परंतु त्या वादाचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचताना मनास वारंवार टोचते ते हे, की या वादात उमेदवाराची उलटतपासणी होते आणि ज्याने त्याला निवडले तो मात्र साक्षीच्या पिंजऱ्याबाहेर राहतो.

आपल्या जुन्या दप्तरांत मुतालिक हा हुद्दा जागोजाग आढळतो. मूळ हुद्देदार गैरहजर असला, अज्ञान असला किंवा मोहिमेवर असला, म्हणजे त्याच्या वतीने शिक्का चालविणारा तो मुतालिक. आणि रोजचे दप्तर त्याच्याच हाताखालून जात असल्यामुळे प्रसंग पडला तर तो कारभारास नवखा नसे. अमेरिकेच्या घटनाकारांनी निर्मिलेला उपाध्यक्ष हा मात्र दप्तर नसलेला मुतालिक होता. सेनेटच्या अध्यक्षस्थानी बसावे, मते समसमान पडली तर निर्णायक मत द्यावे, आणि एरवी वाट पाहावी, एवढेच त्याचे काम. पहिले उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी १७९३ मध्ये पत्नीला लिहिलेल्या पत्रात, मनुष्याच्या कल्पनेने आजवर निर्माण केलेल्या पदांत याहून क्षुल्लक पद नसेल, अशा आशयाची व्यथा व्यक्त केली, ती या रिकामपणापायीच. आपल्या राज्यघटनेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. राष्ट्रपतिपद रिक्त झाले तर उपराष्ट्रपती केवळ नवी निवड होईपर्यंत ते सांभाळतात, आणि ती निवड सहा महिन्यांच्या आत करावी लागते. १९६९ च्या मे महिन्यात झाकिर हुसेन निवर्तले तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी असाच कार्यभार स्वीकारला होता. अमेरिकेत मात्र मृताचा उरलेला सारा कार्यकाल उपाध्यक्षाच्या पदरात पडतो, मग तो तीन महिन्यांचा असो की जवळजवळ चार वर्षांचा.

अमेरिकेच्या मूळ घटनेत पात्रतेची एक नैसर्गिक हमी होती, हे आज फारसे कोणी ध्यानात घेत नाही. १७८७ च्या योजनेप्रमाणे प्रत्येक निर्वाचक अध्यक्षपदासाठीच दोन मते देई; सर्वाधिक मतांचा धनी अध्यक्ष आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष. म्हणजे उपाध्यक्ष हा राष्ट्राच्या पसंतीचा दुसरा अध्यक्षच असे. अ‍ॅडम्स आणि जेफर्सन हे त्याच वाटेने त्या पदावर आले. १८०० मध्ये मात्र एकाच पक्षाचे जेफर्सन आणि आरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला, तेथे ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा कोठे जेफर्सन निवडून आले. आणि असा पेच पुन्हा पडू नये म्हणून १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मते वेगळी केली. पेच सुटला, परंतु हमीही गेली. त्यानंतर उपाध्यक्षपद हे रुसलेल्या गटाची समजूत घालण्याचे, एखाद्या प्रांताची मते ओढण्याचे, पारड्यात टाकण्याच्या पासंगाचे पद झाले. त्या दुरुस्तीच्या शेवटच्या वाक्यात, जो अध्यक्ष होण्यास घटनेने अपात्र तो उपाध्यक्ष होण्यासही अपात्र, एवढे म्हटले आहे. पण घटनेची पात्रता म्हणजे ३५ वर्षांचे वय, जन्मसिद्ध नागरिकत्व आणि १४ वर्षांचा रहिवास. बुद्धी, धैर्य आणि अनुभव यांची तपासणी कोणत्याच कलमात बसत नाही.

पासंगाचा हा व्यवहार किती महाग पडू शकतो हे १८४१ मध्ये प्रथम दिसून आले. व्हिग पक्षाने युद्धवीर विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या जोडीला व्हर्जिनियाचे जॉन टायलर यांना घेतले होते, ते दक्षिणेची मते मिळावीत म्हणून. टायलर यांची मते पक्षाच्या कार्यक्रमाशी जुळतात काय, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण प्रचाराच्या घोषणेत त्यांचे नाव यमकापुरते आले की काम भागत होते. ४ मार्चला हॅरिसन यांनी शपथ घेतली आणि ४ एप्रिलला ते वारले. परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांचा मुलगा फ्लेचर हा ती वार्ता घेऊन निघाला आणि ५ तारखेच्या पहाटे त्याने विल्यम्सबर्ग येथील टायलर यांच्या घराचे दार ठोठावले. असा प्रसंग त्यापूर्वी कधीच आला नव्हता. घटनेत म्हटले होते, की अध्यक्षाचा मृत्यू झाल्यास ‘ते’ उपाध्यक्षाकडे जाईल. पण ‘ते’ म्हणजे अध्यक्षपद, की केवळ त्या पदाचे अधिकार आणि कर्तव्ये, याचा उलगडा मजकुरातून होत नव्हता. मंत्रिमंडळाने त्यांना हंगामी समजावयाचे ठरविले होते; जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्यासारखा घटनेचा जाणकार तर शेवटपर्यंत त्यांना अध्यक्ष मानावयास तयार नव्हता. टायलर यांनी ६ एप्रिलला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात न्यायाधीश विल्यम क्रॅंच यांच्यासमोर शपथ घेतली, आणि हंगामी अध्यक्ष असा मायना घातलेली पत्रे न फोडता परत धाडण्याचा शिरस्ता पाडला. राष्ट्रीय बँकेची दोन विधेयके त्यांनी नामंजूर केली, तेव्हा वेब्स्टर वगळता सारे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन मोकळे झाले आणि पक्षाने त्यांना बाहेर काढले. टायलर यांचा पायंडा तेवढा टिकला; त्याला घटनेचा लेखी आधार मिळायला मात्र १९६७ ची पंचविसावी दुरुस्ती उजाडावी लागली.

त्यानंतरच्या हकिगती सर्वांस माहीत आहेत. अँड्र्यू जॉन्सन यांना लिंकन यांच्या जोडीला घेतले, ते दक्षिणेतील एकनिष्ठ डेमोक्रॅट म्हणून. प्रतिनिधी, राज्यपाल, सेनेटर असा त्यांचा अनुभव कोणासही हेवा वाटावा इतका होता. आणि तरीही मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांच्या बाबतीत त्यांचा कारभार देशाला इतका घातक ठरला, की महाभियोगातून ते अवघ्या एका मताने सुटले. पात्रता ही केवळ भूषविलेल्या हुद्द्यांच्या यादीवरून ठरविणाऱ्यांनी जॉन्सन यांना विसरू नये.

आता ट्रुमन यांच्याकडे पुन्हा वळू. उपाध्यक्षपदाच्या ८२ दिवसांत मंत्रिमंडळाच्या बैठकी सोडल्या तर रूझवेल्टांशी त्यांची भेट जेमतेम दोन वेळा झाली. १२ एप्रिल १९४५ रोजी सायंकाळी ते सभापती सॅम रेबर्न यांच्या खोलीत गेले असताना व्हाइट हाउसमधून तातडीचे बोलावणे आले. तेथे एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अध्यक्ष गेल्याचे सांगितले. मी आपल्यासाठी काय करू शकतो, असे ट्रुमन यांनी विचारताच त्या माउलीने उलट विचारले, की आम्हीच आपल्यासाठी काय करू शकतो, कारण संकट आता आपल्यावर आहे. सात वाजून नऊ मिनिटांनी शपथविधी झाला. मंत्रिमंडळ पांगल्यावर युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन मागे राहिले आणि विलक्षण संहारशक्तीच्या एका नव्या अस्त्राविषयी दोन वाक्ये बोलून गेले. त्याची संपूर्ण हकिगत नव्या अध्यक्षांना मिळाली ती २५ एप्रिलला. १९४३ मध्ये सेनेटच्या चौकशी समितीचे प्रमुख या नात्याने याच ट्रुमन यांनी एका गूढ कारखान्यावरील अवाढव्य खर्चाची विचारणा केली होती, आणि याच स्टिम्सन यांच्या विनंतीवरून एका शब्दावर ती थांबविली होती. जो माणूस चौकशी थांबविण्याइतका विश्वासू ठरला, तो गुपित सांगण्याइतका विश्वासू मात्र ठरला नाही. ट्रुमन तयार नव्हते, असे म्हणणारांना मला एवढेच विचारावेसे वाटते, की त्यांना तयार करणे हे कोणाचे कर्तव्य होते?

त्या धक्क्याने काही सुधारणा झाल्या. १९४९ मध्ये कायद्याने उपाध्यक्षांना राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत स्थान मिळाले. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांना मुलाखतीसाठी बोलावून, विचारपूर्वक वॉल्टर मॉन्डेल यांची निवड केली, आणि पुढे त्यांना व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात स्वतःच्या कचेरीजवळ जागा दिली. मुतालिकाच्या हाती दप्तर आले ते असे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ह्यूस्टन येथे मॉन्डेल आणि बॉब डोल यांचा जाहीर वादविवाद झाला, आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांना राष्ट्राने प्रथमच समोरासमोर तोलून पाहिले.

या परंपरेतील सर्वांत गाजलेली सभा ५ ऑक्टोबर १९८८ ची, ओमाहा येथील. इंडियानाचे ४१ वर्षांचे सेनेटर डॅन क्वेल यांना पत्रकारांनी एकच प्रश्न फिरूनफिरून विचारला: उद्या अध्यक्षपद अंगावर आले तर आपण प्रथम काय कराल? क्वेल यांनी प्रथम प्रार्थना करीन असे सांगितले, मग मंत्र्यांना बोलावीन असे सांगितले. प्रश्न पुन्हा आला तेव्हा, जॉन केनेडी अध्यक्षपदासाठी उभे राहिले त्या वेळी त्यांना कायदेमंडळाचा जेवढा अनुभव होता तेवढा मलाही आहे, असे उत्तर दिले. हिशेबाने ते फारसे चूक नव्हते. परंतु प्रतिस्पर्धी लॉइड बेंटसेन हे केनेडींबरोबर प्रतिनिधिगृहात बसलेले गृहस्थ. केनेडी माझे मित्र होते आणि आपण केनेडी नाही, असे त्यांनी शांतपणे बजावले, आणि सभागृह दुमदुमले. ते वाक्य अजरामर झाले, पण त्या टाळ्यांत मूळ प्रश्न वाहून गेला याचे मला आजही वाईट वाटते. कारण संकटाच्या पहिल्या तासात काय करावे, याचे नेमके उत्तर बेंटसेन यांच्या त्या वाक्यातही नव्हते. नोव्हेंबरात अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश आणि त्यांचे जोडीदार क्वेल यांनी ४० राज्ये जिंकली.

२००८ च्या ऑगस्टात जॉन मॅकेन यांनी, आपल्या ७२ व्या वाढदिवशी, अलास्काच्या राज्यपाल सेरा पेलिन यांचे नाव जाहीर केले. राज्यपालपदावर त्यांना दोन वर्षेही झाली नव्हती, त्यापूर्वी त्या वासिला या लहानशा गावाच्या महापौर होत्या, आणि मॅकेन यांचा त्यांच्याशी परिचय एकदोन भेटींपलीकडे नव्हता. मुलाखतींत त्या अडखळल्या, तेव्हा सारा देश त्यांच्यावर तुटून पडला. २ ऑक्टोबरला सेंट लुईस येथे जो बायडन यांच्याशी झालेला त्यांचा वादविवाद जवळजवळ ७ कोटी लोकांनी पाहिला. लहान गावातून आलेल्या त्या बाईंची जी अवहेलना झाली तिच्यात काही अंश उद्दामपणाचा होता, हे मान्य केले पाहिजे. तरी परराष्ट्रकारभारातील त्यांची अपुरी तयारी हा त्या अवहेलनेने निर्माण केलेला भास नव्हता. मॅकेन यांनी दहा वर्षांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, आपण सेनेटर जो लीबरमन यांना निवडावयास हवे होते, अशी खंत नोंदविली आहे. निवडणाऱ्याने स्वतःच दिलेली अशी जबानी या इतिहासात विरळा.

चेस्टर आर्थर यांची हकिगत मी मुद्दाम मागे ठेवली. न्यूयॉर्कच्या जकातघराचे हे प्रमुख, सेनेटर रॉस्को काँकलिंग यांच्या पक्षयंत्राचे विश्वासू कारभारी, अध्यक्ष हेझ यांनी १८७८ मध्ये त्या जागेवरून दूर केलेले, आणि तोपर्यंत कोणत्याही पदावर जनतेच्या मतांनी कधीच न निवडले गेलेले. १८८० मध्ये काँकलिंग यांच्या गटाचा रोष शमविण्यासाठी त्यांना गारफील्ड यांच्या जोडीला घेण्यात आले. २ जुलै १८८१ रोजी रेल्वे स्थानकावर गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या माथेफिरूने, आता आर्थर अध्यक्ष होतील, असे ओरडून सांगितले. आणि अध्यक्ष ७९ दिवस मृत्यूशी झुंजत असताना आर्थर यांच्याकडे देश भयाने आणि संशयाने पाहत होता. त्या दिवसांत, २७ ऑगस्टला, ज्युलिया सँड नावाच्या न्यूयॉर्कमधील एका आजारी, अनोळखी स्त्रीने त्यांना पत्र लिहिले. लोक आपल्याविषयी काय बोलतात ते तिने आडपडदा न ठेवता सांगितले, आणि मोठे संकट माणसाच्या ठायी निद्रिस्त असलेले औदार्य जागे करते, तेव्हा आपण सुधारा, असे बजावले. १६ जानेवारी १८८३ रोजी, वशिल्याच्या नेमणुकांवर वाढलेल्या याच गृहस्थांनी, आता अध्यक्ष या नात्याने, सरकारी नोकऱ्यांसाठी परीक्षा लागू करणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर सही केली. त्यापूर्वी एका संध्याकाळी ते पूर्वसूचना न देता त्या स्त्रीच्या घरी जाऊन तिला भेटूनही आले होते.

१८८६ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, आर्थर यांनी आपली जवळजवळ सारी कागदपत्रे जाळावयास लावली. ज्युलिया सँड हिची २३ पत्रे मात्र त्यांनी जपून ठेवली होती, आणि १९५८ मध्ये ती त्यांच्या नातवाकडे मिळाली.