इथे भराव, तिथे पाणी

मैलभर जुन्या रस्त्याला दोन्ही अंगांनी चार-चार फुटांची साइडपट्टी वाढवायची म्हटलं, की 42,240 चौरस फूट जागा लागते. आपल्या हिशेबाने 39 गुंठ्यांना किंचित कमी. काम किरकोळ, हेतूही चांगला; गाडी घसरली तर थेट खड्ड्यात जाऊ नये एवढाच. पण तो रस्ता दलदलीतून जात असेल, तर तेवढी पाणथळ जागा भरावाखाली गेली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात या 39 गुंठ्यांचा हिशेब द्यावा लागतो. जितकी बुजवली तितकी, काही भागांत दुप्पट, पाणथळ जागा दुसरीकडे तयार व्हावी लागते.

ज्या देशात हा नियम आला, त्याच देशाने शंभर-सव्वाशे वर्षं दलदल संपवण्यासाठी कायदे केले होते. 1849, 1850 आणि 1860 च्या कायद्यांनी केंद्र सरकारने सुमारे साडेसहा कोटी एकर दलदलीची जमीन राज्यांना देऊन टाकली. अपेक्षा एकच: चर खणा, पाणी काढा, शेती करा. दलदल म्हणजे हिवताप, डास आणि वाया गेलेली जमीन, हा तेव्हाचा सरळ समज होता. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या 48 राज्यांत 1780 च्या दशकात 22 कोटी एकरांच्या आसपास पाणथळ जमीन होती, असा अंदाज आहे. दोनशे वर्षांनी निम्म्याहून कमी उरली. त्यात सर्वांत मोठा वाटा शेतीचा. रस्त्यांचा त्या मानाने थोडा, पण शेतकऱ्यापेक्षा रस्ते खात्याला कागदावर पकडणं सोपं असतं.

1972 च्या जलप्रदूषणविरोधी कायद्याने ते केलं. त्याच्या 404 क्रमांकाच्या कलमानुसार पाण्यात भराव टाकायचा तर लष्कराच्या अभियांत्रिकी दलाची परवानगी आवश्यक झाली. गंमत अशी, की भरपाईबद्दल या कलमात अवाक्षर नाही. ती पुढच्या नियमांतून, परिपत्रकांतून, खात्याखात्यांतल्या करारांतून हळूहळू शिरली.

सुरुवातीला पद्धत अशी होती, की ज्याने जिथे भराव टाकला त्याने तिथेच शेजारी नवं तळं करावं. रस्त्याच्या कामात याचं व्हायचं ते हसं झालं. मोरी बांधली की तिच्याजवळ एक डबकं, वळण सरळ केलं की तिथे दुसरं. गाड्यांचं तेल आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पोटात घेऊन ही डबकी पडून राहत. त्यांच्याकडे नंतर कोण बघणार, हे कोणत्याच निविदेत नसायचं.

यावर काढलेल्या तोडग्यात रस्तेवाल्यांची सोय उघड दिसते. एकच मोठी निचरा झालेली जमीन घ्यायची, चर बुजवून तिथे पाणी परत आणायचं, आणि जितके एकर सुधारले तितके खात्यात जमा धरायचे. पुढे प्रत्येक कामागणिक त्यातून वजा करत जायचं. केंद्राच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने 1983 मध्ये अशा 'बँकां'साठी पहिली मार्गदर्शक सूचना काढली. सुरुवातीच्या बहुतेक बँका सरकारी खात्यांनी, त्यातही राज्यांच्या महामार्ग विभागांनी, स्वतःच्या कामांसाठी काढलेल्या होत्या. आज यावर पर्यावरण-अर्थशास्त्राचे जाडजूड ग्रंथ निघतात. मूळ कल्पनेला मात्र बांधकाम खात्याच्या भांडारघराचा वास आहे.

1988 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर थॉमस कीन यांच्या अध्यक्षतेखालच्या मंचाने 'निव्वळ घट नको' हे उद्दिष्ट मांडलं. त्याच वर्षी जॉर्ज बुश (थोरले) ते घेऊन निवडणुकीत उतरले. 1990 मध्ये केंद्रीय खात्यांनी आपसात केलेल्या करारात क्रम ठरला: आधी नुकसान टाळा, मग कमी करा, उरेल त्याचीच भरपाई करा.

मिनेसोटाने 1991 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि अंमलबजावणी काउंटी, शहर अशा स्थानिक संस्थांकडे दिली. इथे मजेशीर पेच झाला. परवानगी देणारी काउंटी, आणि परवानगी मागणारं रस्ते खातंही तिचंच. शिवाय खर्च. सुरक्षिततेचे निकष वरून यायचे, त्यासाठी रस्ता रुंद करायचा काउंटीने, आणि त्यात बुडालेल्या दलदलीची किंमतही तिनेच मोजायची. काउंट्यांची तक्रार रास्तच म्हणायला हवी. 1996 मध्ये विधिमंडळाने भार उचलला. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक रस्त्याची दुरुस्ती किंवा सुरक्षिततेसाठी पुनर्बांधणी असेल, तर पर्यायी पाणथळ जागा राज्याचं पाणी आणि मृदा मंडळ पुरवणार. बराचसा पैसा राज्याने काढलेल्या कर्जरोख्यांतून येतो. अगदी नवा रस्ता काढायचा किंवा वाहतूक वाढवायला मार्गिका जोडायची, तर ही सवलत नाही. ते ज्याचं त्याने बघावं. ही रेघ मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

फ्लोरिडातल्या पेम्ब्रोक पाइन्स शहराची वाट वेगळी. शहराच्या मालकीच्या दलदलीत मेलेल्युका झाडांचं रान माजलं होतं. ही ऑस्ट्रेलियाची झाडं दलदल आटावी म्हणूनच कधीकाळी फ्लोरिडात लावली गेली, आणि मग आवरेनात. 1990 च्या दशकात एका खासगी कंपनीने ती काढून मूळ गवताळ पाणथळ परत आणली आणि तयार झालेलं 'क्रेडिट' बिल्डरांना विकलं. जमीन शहराचीच राहिली. अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या व्यापारी बँकांत हिची गणना होते.

मात्र बँक काढणारा जमीन स्वस्त असेल तिथेच जाणार. जे. बी. रुल आणि जेम्स साल्झमन यांनी फ्लोरिडाच्या बँकांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते हेच: दलदल शहरातून उठून खेड्याकडे चालली आहे. एकरांचा ताळा जुळतो, पण शहरात पावसाचं पाणी मुरवणारी जागा गेली ती गेलीच. त्याआधी 2001 मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने सांगून टाकलं होतं, की 'निव्वळ घट नको' हे उद्दिष्ट साधलेलं नाही. भरपाईची कित्येक कामं सुरूच झाली नाहीत, कित्येक फसली. आणि पैसे भरून मोकळं होता येतं म्हटल्यावर आराखड्यात रस्ता चार पावलं वळवायचे कष्ट कोण घेणार? 2008 च्या केंद्रीय नियमाने बँकांना पहिली पसंती दिली, सोबत किमान पाच वर्षं देखरेखीची अटही घातली.

आपल्याकडे सागरी किनारा नियमन अधिसूचनेत खांबांवरच्या रस्त्यासाठी खारफुटी तोडली तर तिच्या तिप्पट क्षेत्रावर लागवड करा, असं आहे. आकडा अमेरिकेपेक्षा उदार दिसतो. पण रोपं लावणं वेगळं, आणि भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर खेळतं ठेवणं वेगळं. खाजणाचे बांध राखणाऱ्या गोव्याच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको.

2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्यात केंद्रीय कायद्याची कक्षा आखडून टाकली. नदी-तळ्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली नसेल, तर ती दलदल केंद्राच्या अखत्यारीत नाही. स्वतःचा कायदा नसलेल्या राज्यांत अशा सुट्या दलदलींत आता विनापरवाना भराव टाकता येतो. मिनेसोटाच्या काउंटी अभियंत्याला मात्र 1991 चा राज्याचा कायदा अजून लागू आहे, आणि साइडपट्टीखाली किती गुंठे जातात ते त्याला मोजावंच लागतं.