सोयरिकीची कुळकथा

मावळात भाताच्या खाचराला खाचर लागून असतं आणि पलीकडचं खाचर बहुधा चुलत्याचंच निघतं. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागतो तो भावकीतला. त्याच्याशी तंटा होतो, सोयरीक होत नाही. सोयरा हवा तर गावाची शीव ओलांडावी लागते.

लॅटिनमध्ये नेमकं उलटं झालं. ‘फिनिस’ म्हणजे हद्द. ज्याची हद्द आपल्या हद्दीला भिडते तो ‘अफिनिस’, आणि रोमन लोक लग्नाने जोडलेल्या माणसांनाही हेच नाव देत. इंग्रजीतली ‘अफिनिटी’ या कुळातली. १५६३ साली आर्चबिशप मॅथ्यू पार्करने कोणाकोणाशी लग्न वर्ज्य याचा तक्ता काढला, त्यात रक्ताच्या नात्याशेजारी हा शब्द बसलेला आहे. बायको वारली तरी मेहुणीशी लग्न करायचं नाही, हा इंग्लंडातला निर्बंध १९०७ च्या कायद्याने उठला. आपल्याकडे थोरली गेली की धाकटी देण्याची चाल सर्रास होती, त्यामुळे त्या तक्त्याचं आपल्याला नवल वाटावं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनीही ‘अफिनिटी’ हाच शब्द उचलला. कोणतं द्रव्य कोणाला सोडून कोणाकडे धावतं याचा तक्ता जोफ्रॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७१८ मध्ये मांडला होता. जर्मन लेखक गटेने १८०९ च्या आपल्या कादंबरीचं नाव याच विद्येतून घेतलं आणि ते माणसांच्या ओढीला लावलं. आज इंग्रजी माणसाची ‘अफिनिटी’ मांजराशी, डोंगराशी, जुन्या गाण्यांशीही जुळते. लग्नाचा त्यात मागमूस उरलेला नाही.

आपला सोयरा दुसऱ्या टोकाकडून आला. संस्कृत सहोदर, त्याचं सोदर, प्राकृतात सोअर आणि मराठीत सोयरा. मुळात एका उदरातला, म्हणजे सख्खा भाऊ. अर्थ फिरत फिरत अशा माणसावर येऊन थांबला, ज्याच्याशी रक्ताचा संबंध नसतो म्हणून तर लग्न जमतं. माझ्या मते ही व्याह्यांची करामत. मांडवात गळाभेट झाली की परक्याला भाऊ म्हणावंच लागतं. (‘सोयरसुतक नाही’ यातलं सोयर मात्र वेगळं. ते बाळंतपणाचं अशौच, म्हणजे सुवेर. ते पाळायचं भावकीने.)

मावळातल्या सोयरिकीचा एक फार जुना दाखला बेडसे लेण्यांत आहे. कामशेतहून पवन मावळाकडे निघालं की डोंगरात चैत्यगृह लागतं. तिथल्या पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत एका बाईच्या दानाची नोंद आहे. सामडिनिका तिचं नाव. ती महाभोजाची लेक, आपदेवणकाची बायको आणि स्वतः महारठिनी. महाभोज आणि महारठी या त्या काळच्या पदव्या. महाभोजांचे लेख रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत आहेत, म्हणजे हे घराणं घाटाखालचं. महारठींची नावं इथून जवळच्या कार्ल्याला खांबावर आणि भिंतीवर सापडतात. कोकणातली लेक घाटावर दिली, हे एवढ्याशा ओळीत वाचता येतं. बाईने दोन्ही घरं सांगितली, दानही स्वतःच्या नावे दिलं. कार्ल्याच्या भिंतीवर तर एक जावईच आहे. नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याने भिक्षूंना करजिक गाव दिलं, आणि तिथे त्याची पहिली ओळख सासऱ्याच्या नावाने आहे. पुढे सातवाहनांनी याच गावाबद्दल ‘मामाड’ इथल्या अमात्याला आज्ञा धाडली. मामाड म्हणजे आपलं मावळ.

पुढे मराठेशाहीत मावळातल्याच तळेगावच्या दाभाड्यांची सोयरीक नाशिककडे जुळली. सेनापती खंडेरावांच्या पत्नी उमाबाई अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या. सप्तशृंगीच्या पायऱ्या त्यांनी बांधल्या. माहेरच्या देवीसाठी सासरची थैली अशी मोकळी झाली.

‘सोयरा’ या शब्दाला सर्वांत लांब नेलं ते तुकोबांनी. देहूजवळचा भंडारा डोंगर त्यांच्या एकांताची जागा. झाडंवेली आणि रानातले जीव यांनाच त्यांनी सोयरे केलं. तिथे लग्न नाही, रक्तही नाही. इंग्रजी शब्द आज ज्या अर्थाने फिरतो, तो तुकोबांनी सतराव्या शतकात मराठीत आणून ठेवला होता.

आणि जानेवारी २०२४ मध्ये हा शब्द मुंबई-पुणे रस्त्यावरून सरकारदरबारी निघाला. अंतरवाली सराटीहून निघालेल्या मराठा आरक्षण मोर्चाचा मुक्काम लोणावळ्याजवळ वाकसईला पडला होता. त्यानंतर लगेच, २६ जानेवारीच्या तारखेने, ‘सगेसोयरे’ची व्याख्या करणाऱ्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या लग्नांतून जुळलेले नातेवाईक त्यात येतात. पुराव्यासाठी शपथपत्र आणि गृहचौकशी. सोयरीक कोणाला मोजावी यावरचा वाद इथे काढत नाही. पण ती कागदावर शोधायला गेलं की अडतं कुठे, ते घराघरांत दिसलं. वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. सून कोणाची, लेक कुठे दिली, याचा रकानाच नाही.

तुमच्या घरी वंशावळीचा कागद असेल तर तो काढा. आजीला तिच्या आईचं माहेर विचारा, गाव आणि आडनाव लिहून ठेवा. आत्या, मावश्या कुठे दिल्या तेही लिहा. हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच हे काम होईल.