जीमेलमध्ये येणारे फालतू मेल कमी कसे करायचे?

परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड. सीईटी, कृषी विद्यापीठाचा प्रवेश किंवा भरतीचा फॉर्म भरायचा म्हटलं की ईमेल द्यावाच लागतो. तोच ईमेल आपण शॉपिंग ॲप आणि गेमलाही देतो. मग जाहिरातींच्या गर्दीत कामाचा मेल हरवतो. यावरचा उपाय, मेल कोणाकडून आलाय यावर ठरतो.

१. ओळखीची कंपनी: मेल उघडा आणि ‘अनसबस्क्राइब’ दाबा. रोज ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये ही एका क्लिकची सोय द्यावी, असा नियम गूगलने २०२४ मध्ये लागू केला.

२. अनोळखी मेल: यातली कोणतीच लिंक उघडू नका, आतलं ‘अनसबस्क्राइब’सुद्धा नाही. क्लिक केलं की तुमचा ईमेल चालू आहे हे समोरच्याला कळू शकतं. वरचे तीन ठिपके दाबून ‘रिपोर्ट स्पॅम’ निवडा.

३. सारखा त्रास देणारा: ‘ब्लॉक’ करा. त्याचे पुढचे मेल थेट स्पॅममध्ये जातील.

४. वेगळा ईमेल: एक फक्त फॉर्म आणि बँकेसाठी, दुसरा ॲप आणि ऑफरसाठी ठेवा.

महत्त्वाचं: फॉर्म भरल्यावर स्पॅम फोल्डर अधूनमधून बघत जा. हॉल तिकीटाचा मेलही चुकून तिथे जाऊ शकतो आणि ३० दिवसांनी तिथले मेल आपोआप डिलीट होतात. कामाचा मेल सापडला तर ‘नॉट स्पॅम’ करा.

मेलमधून पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.